फ्यूज सारखा उडतोय? बाईकचा शॉर्ट शोधायची पद्धत आणि त्या कामाचं बिल



टू-व्हीलरचं गॅरेज टाकायचं ठरवलेली बरीच मुलं मला एकच गोष्ट सांगतात. "सर, इंजिनाचं काम येतं, पण वायरिंगचं गिऱ्हाईक आलं की पोटात गोळा येतो." मग काय होतं? "इलेक्ट्रिशियनकडे न्या" म्हणून गाडी परत पाठवली जाते. पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक ऑइल बदलायलाही तिकडेच जातं.

वायरिंगच्या कामात माल फारसा लागत नाही. वीतभर वायर, थोडी स्लीव्ह, एक फ्यूज. वेळ जातो तो शोधण्यात. म्हणजे इथे आपण शोधकाम विकतो. ते अंदाजाने केलं तर दिवस जातो, पद्धतीने केलं तर पैसे मिळतात. आज ती पद्धत बघू.

आधी तक्रार ओळखा

गिऱ्हाईक तीन वेगळ्या गोष्टींना "शॉर्ट झालंय" म्हणतं.

१. फ्यूज घातला की उडतो. हा खरा शॉर्ट.
२. फ्यूज शाबूत आहे, पण हॉर्न किंवा इंडिकेटर चालत नाही. इथे वायर तुटली असेल, कपलर सैल असेल किंवा वस्तूच गेली असेल.
३. रात्री गाडी चांगली होती, सकाळी बॅटरी उतरली. इथे बॅटरी जुनी झाली असेल, चार्जिंग होत नसेल किंवा गाडी बंद असतानाही काहीतरी करंट खात असेल.

आपण पहिल्याबद्दल बोलतोय. बाईकच्या बॅटरीचा मायनस चेसिसला जोडलेला असतो, म्हणजे गाडीचं उघडं लोखंड सगळं मायनस. प्लसच्या वायरचं प्लॅस्टिक घासून तांबं चेसिसला टेकलं, की करंट बल्ब किंवा हॉर्नमधून न जाता थेट परत फिरतो. त्याला अडवायला मध्ये काहीच नसतं, म्हणून फ्यूज वितळतो.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, हे पक्कं लक्षात ठेवा. १० अँपिअरच्या जागी २० चा घातला किंवा तांब्याची तार गुंडाळली, तर फ्यूजच्या आधी वायर वितळते. आणि मेन हार्नेस जातो पेट्रोलच्या टाकीखालून! "दोन दिवस कशीतरी चालू दे" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी हे काम करू नका. त्यात गाडी जळू शकते, माणूस भाजू शकतो आणि आपल्या दुकानाचं नावही जातं.

पाच मिनिटं विचारा, पाच मिनिटं बघा

पाना हातात घ्यायच्या आधी विचारा: फ्यूज नेमका कधी उडतो? चावी फिरवल्यावर, ब्रेक दाबल्यावर, हॉर्न वाजवल्यावर, हँडल वळवल्यावर, की खड्ड्यातून गेल्यावर? गाडी नुकतीच धुतली का? गेल्या महिन्यात नवीन काय बसवलं?

मग डोळ्यांनी बघा. बाहेरून बसवलेले फॉग लाइट, मोबाइल चार्जर, सायरन यांच्या जोडण्या सगळ्यात आधी. त्यानंतर हँडलच्या मानेजवळ, जिथे हार्नेस रोज वाकतो. मग टाकीखाली, सीटखाली, मागच्या मडगार्डच्या आत, आणि सायलेन्सरजवळून वायर गेली असेल तर तिथे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदराचे दातही दिसतात.

टेस्ट बल्ब: सगळ्यात स्वस्त हत्यार

दर वेळी नवा फ्यूज घालून "उडतो का बघू" करू नका. जुना १२ व्होल्ट ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्या, त्याला दोन वायरी आणि टोकाला फ्यूजच्या जागी बसतील अशा पिना लावा. फ्यूज काढून तिथे हा बल्ब जोडा.

आता शॉर्ट असला तरी वायरमधून साधारण ३ अँपिअरच्या वर करंट जाणार नाही, कारण मध्ये बल्ब आहे. वाचायचं असं:

- बल्ब पूर्ण पेटला: शॉर्ट आहे.
- बल्ब मंद पेटला: एखादी वस्तू नेहमीसारखा करंट घेतेय. घाबरू नका.
- बल्ब विझला: आत्ता जे सुटं केलं, शॉर्ट त्याच बाजूला आहे.

टाकी काढायची असेल तर आधी काढून लांब ठेवा, मगच बल्ब लावा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाइट बंद करायचा स्विचच नसतो, म्हणून हेडलाइटचा कपलर काढून ठेवा, नाहीतर त्याचाच करंट गोंधळात टाकेल.

अर्धं अर्धं करत जा

चावी बंद असताना बल्ब पूर्ण पेटला, तर शॉर्ट फ्यूज ते चावीच्या स्विचमध्ये, किंवा चावीशिवाय थेट जोडलेल्या एखाद्या वस्तूच्या वायरमध्ये. चावी चालू केल्यावर पेटला, तर चावीच्या पुढे. ब्रेक दाबल्यावरच पेटला, तर ब्रेक लाइटच्या लाइनमध्ये. एवढ्यात अर्ध्याहून जास्त गाडी बाद झाली.

आता एकेक कपलर काढा. मागच्या लाइटचा काढला आणि बल्ब विझला, तर शॉर्ट मागे. नाही विझला तर पुढे. सगळे कपलर काढूनही पेटत राहिला तर शॉर्ट हार्नेसमध्येच आहे. मग एका हाताने हार्नेस हलवत जा आणि नजर बल्बवर ठेवा. मल्टिमीटरचा आकडा वाचण्यापेक्षा हे सोपं, कारण बल्ब लांबूनही दिसतो.

एक उदाहरण. आमच्याकडे दूध घालणाऱ्या एका काकांची १२५ सीसी गाडी आली. "डेअरीच्या फाटकात वळलो की बंद पडते," ही तक्रार. त्याआधी दुसरीकडे तीन वेळा फ्यूज बदलला होता. टेस्ट बल्ब लावला, चावी चालू केली: हँडल सरळ असताना मंद, पूर्ण डावीकडे वळवलं की लख्ख. मोबाइल चार्जर बसवताना कोणीतरी हार्नेस केबल टायने आवळला होता. त्यामुळे वळताना तो ताणला जाऊन मानेजवळच्या लोखंडावर घासत होता आणि एका वायरचं तांबं उघडं पडलं होतं. काका म्हणाले, "फाटकात वळलो की", तिथेच अर्धं काम झालं होतं.

दोन सावधगिऱ्या

पहिली, वायरच्या रंगावर आंधळा विश्वास नको. होंडाच्या गाड्यांत साधारणपणे हिरवी वायर अर्थिंगची आणि काळी चावीनंतरच्या प्लसची. यामाहात काळी अर्थिंगची. एका कंपनीची सवय दुसऱ्या गाडीवर चालवली तर शॉर्ट आपणच करू. त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर ठेवा.

दुसरी, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू असतो. टेस्ट बल्ब लावायच्या आधी चावी बंद करा, बॅटरीचा मायनस काढा, ईसीयूचा कपलर सुटा करा आणि मग मायनस परत जोडा. वायरला सुई टोचून तपासू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि वायर आतून गंजते.

दुरुस्ती करतानाही बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. नुसती टेप गुंडाळून सोडू नका. तांबं तुटलं असेल तर सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि जिथे घासत होतं तिथून वायर हलवून क्लिपमध्ये बसवा. कारण काढलं नाही तर गाडी परत येणार. शेवटी कंपनीने सांगितलेल्या अँपिअरचा फ्यूज घाला, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर सगळं चालवून बघा आणि एक चक्कर मारा.

आता बिल

समजा, भाडं, लाइट, हेल्पर आणि तुमचा स्वतःचा पगार धरून दुकानाचा महिन्याचा खर्च ५२,००० रुपये. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला २५० पडले. पण प्रत्येक तासाला काम नसतं. निम्मे तास कामाचे धरले तर तासाचा खर्च ५००.

चाचपडत दोन तास घालवले तर तुमचे १,००० गेले, आणि तेवढे मागायला तोंड उघडत नाही. पद्धतीने पाऊण तासात सापडलं तर खर्च ३७५. त्यावर नफा धरूनही गिऱ्हाईकाला परवडेल असा दर सांगता येतो.

तो दर गाडी उघडायच्या आधी सांगा: "शोधायचे इतके, दुरुस्तीचे वेगळे, आणि अमुक रकमेच्या वर जाणार असेल तर आधी फोन करीन." बिलावर "वायरिंग तपासणी" अशी वेगळी ओळ लिहा. घासलेल्या वायरचा फोटो काढून दाखवा. "एवढीशी वायर जोडायचे एवढे पैसे?" हा प्रश्न फोटो पाहिल्यावर सहसा येत नाही.

या आठवड्याचं काम: टेस्ट बल्ब बनवा. भंगारवाल्याकडून एक जुना हार्नेस आणा, मित्राला त्यात कुठेतरी शॉर्ट करायला सांगा आणि घड्याळ लावून शोधा. तीन वेळा करा आणि तिन्ही वेळा व्हिडिओखाली लिहून कळवा. तिसऱ्या वेळेला लागलेली मिनिटं धरून तुमचा तपासणीचा दर काढा.