मुलांची शंका व वडीलधाऱ्यांचा शब्द

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. आमची सात वर्षांची नात आपल्या आईबापांसह अमेरिकेत, न्यू जर्सी प्रांतात राहते. दर रविवारी दूरध्वनीवर तिचे व माझे बोलणे होते. त्या दिवशी पाढे म्हणून झाल्यावर तिने आवाज एकदम खाली आणला व विचारले, “आजोबा, सांता क्लॉज खरा असतो का? आई म्हणते असतो. पण म्हणताना तिला हसू येतं. तुम्ही मास्तर आहात ना? तुम्ही खरं सांगा.”

पस्तीस वर्षे शाळेत शिकविले. परंतु इतक्या अवघड प्रश्नापुढे मी क्वचितच उभा राहिलो असेन.

हा प्रश्न केवळ परदेशी गेलेल्या कुटुंबांचा आहे असे वाचकांनी समजू नये. नाताळच्या दिवसांत तो तांबड्या अंगरख्याचा म्हातारा पुण्यामुंबईच्या दुकानांतूनही उभा असतो. शिवाय आपल्या घरी काय कमी आहे? चंद्रावरचा ससा आहे, पडलेला दात नेणारा उंदीर आहे, अंधारातला बागुलबुवा आहे, आणि ‘बाळ कोठून आले’ या प्रश्नाची नाना उत्तरे आहेत. मूल सहासात वर्षांचे झाले, की यांतील एकेक वीट ते हलवून पाहू लागते. अशा वेळी वडील माणसांनी काय करावे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम या सांता क्लॉजची कुळकथा पाहू. त्याचे मूळ इसवी सनाच्या चौथ्या शतकातील निकोलस नामक बिशपापर्यंत पोहोचते. आजच्या तुर्कस्तानातील मायरा हे त्याचे नगर. एका दरिद्री गृहस्थाच्या तीन मुलींची लग्ने पैशावाचून अडली असता, निकोलसाने रात्रीच्या वेळी सोन्याच्या थैल्या गुपचूप त्याच्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. आपले नाव कोणास कळू नये अशी त्याची इच्छा होती. डच लोक त्याला सिंटरक्लास म्हणत; अमेरिकेत त्याचा सांता क्लॉज झाला. 1823 साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या एका वृत्तपत्रात निनावी छापल्या गेलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअरांची गाडी दिली आणि थॉमस नॅस्ट या चित्रकाराने 1863 पासून काढलेल्या चित्रांनी त्याचे गुबगुबीत, दाढीवाले रूप लोकांच्या मनात ठसविले. तात्पर्य, मुळाशी गुप्तदान आहे. गाडी, हरणे व धुराडे हा पुढील अलंकार होय.

माझ्या नातीने विचारलेला प्रश्न व्हर्जिनिया ओहॅनलन नावाच्या न्यूयॉर्कमधील आठ वर्षांच्या मुलीने 1897 साली विचारला होता. मैत्रिणींनी तिच्या मनात शंका घातली. वडिलांना विचारले, तर त्यांनी वृत्तपत्राकडे बोट दाखविले. तेव्हा तिने ‘द सन’ या पत्राच्या संपादकांना चिठ्ठी लिहिली. दिनांक 21 सप्टेंबर रोजी फ्रान्सिस चर्च या संपादकाने निनावी अग्रलेख लिहून ‘होय, आहे’ असे उत्तर दिले. प्रेम, औदार्य व भक्ती जशी आहेत तसा तोही आहे, असा त्याचा आशय. तो लेख आजही दर नाताळास छापला जातो. लेख सुंदर आहे यात संशय नाही. तथापि, एक मास्तर म्हणून माझ्या मनात नेहमी येते, की मुलीने विचारले एक व उत्तर मिळाले दुसरे. वडिलांनी प्रश्न संपादकावर ढकलला, संपादकाने तो काव्यावर ढकलला. ती मुलगी पुढे स्वतः शिक्षिका झाली, हे मात्र मला फार आवडते.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी माझा अपराध सांगितला पाहिजे. आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना घरचा मोती कुत्रा रस्त्यावर गाडीखाली सापडून मेला. मुलगा शाळेत होता. तो रडेल या भयाने मी सांगून टाकले, की मोतीला कोकणात काकांच्या वाडीवर पाठविले आहे. तेथे त्याला धावावयास मोकळे रान आहे. मुलगा समाधानाने खेळावयास गेला, आणि मीही आपल्या चातुर्यावर खूश झालो. पुढे मे महिन्यात आम्ही कोकणात निघालो. पिशव्या भरताना पाहतो, तो त्याने आपल्या कपड्यांखाली मोतीचा गळपट्टा जपून ठेवलेला! तेव्हा खरे सांगण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तो रडला नाही. बराच वेळ गळपट्टा हातात धरून बसला आणि मग म्हणाला, “बाबा, आजी झोपेतच गेली, तिला काही दुखलं नाही, असं तुम्ही म्हणाला होता. तेही असंच का?”

माझी आई खरोखरच झोपेत गेली होती. ते मी शपथेवर सांगितले. परंतु माझ्या शब्दाचे नाणे तोपर्यंत खोटे ठरले होते, आणि खोट्या नाण्याशेजारी ठेवलेले खरे नाणेही कोणी घेत नाही. तो विश्वास परत मिळविण्यास मला कित्येक वर्षे लागली.

म्हणून मुलांना कल्पित गोष्टी सांगूच नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. गोष्ट निराळी आणि थाप निराळी. गोष्ट मुलाच्या आनंदाकरिता असते. थाप बहुधा आपल्या सोयीकरिता असते. चंद्रावरचे डाग लाव्हारसाच्या थिजलेल्या मैदानांचे आहेत हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे, 1969 साली माणूस तेथे उतरूनही आला. म्हणून ‘शशांक’ हा शब्द कोणी कोशातून काढून टाकला नाही. गोष्ट ही गोष्ट म्हणून खुशाल टिकते. शिवाय खरे कळल्याने मुले कोसळतात हेही खरे नव्हे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बावन्न मुलांना सांताचे खरे कळल्यावर काय वाटले ते विचारले. बहुतेकांना ते साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास आपले आपणच कळले होते व त्यांना त्याचे बरेच वाटले होते. वाईट वाटले ते आईबापांना!

शंका आली म्हणजे श्रद्धा गेली, असे आपण उगाच मानतो. कठोपनिषदातील नचिकेत्याचे उदाहरण पाहा. वडील यज्ञात निरुपयोगी गाई दान देत आहेत हे पाहून त्या कुमाराने प्रश्न केला. तेथे उपनिषत्कार म्हणतात, की त्याच्या ठायी श्रद्धेने प्रवेश केला, आणि मग तो विचार करू लागला. म्हणजे प्रश्न श्रद्धेतूनच निघाला. वडील मात्र रागावले व तुला मृत्यूला देतो म्हणाले. आपल्यापैकी बहुतेकांची गत त्या वडिलांसारखीच होते.

आता आचरणाचे चार शब्द. मुलाने प्रथम विचारले, की लगेच निकाल देऊ नये. ‘तुला काय वाटते, व कशावरून?’ असे विचारावे. पुष्कळदा मुलाला अजून काही दिवस ती गोष्ट हवी असते, व ते आपण होऊन विषय बदलते. परंतु ‘खरे सांगा’ असे म्हणून ते समोर उभे राहिले, तर खरेच सांगावे. एकत्र कुटुंबात आजीने एक, काकाने दुसरे व मोठ्या चुलतभावाने हसून तिसरे सांगू नये. घरात उत्तर एकच असावे, आणि उशिरा कळलेल्या मुलाची थट्टा तर कोणीच करू नये. शहाण्यासारखे वागला नाहीस तर भेट मिळणार नाही, अशी लाच त्या म्हाताऱ्याच्या नावावर देऊ नये. बागुलबुवाला मात्र घरातून आजच निरोप द्यावा. भीतीवर उभारलेल्या गोष्टीत मुलाचा आनंद कोठेच नसतो.

एक नाजूक प्रश्न उरतो. सांता नाही असे कळल्यावर मूल विचारते, ‘मग गणपतीचे काय?’ येथे वडील माणसे गडबडतात. वास्तविक गडबडण्याचे कारण नाही. गणपतीची मूर्ती मातीची आहे, ती कारखान्यातून आणली आहे, हे आपण मुलापासून कधी लपवीत नाही. तोच पाट धरून ती घरी आणतो. प्राणप्रतिष्ठा त्याच्यासमोर होते, विसर्जनही त्याच्यासमोर होते. आजोबा हात जोडतात तेव्हा तेही मनापासूनच जोडतात. सांताच्या बाबतीत मोठ्यांना एक ठाऊक असते व मुलांना दुसरे. पूजेत सर्वजण एकाच बाजूस बसलेले असतात. पुढे देवाविषयी त्याला प्रश्न पडतील, ते अवश्य पडोत. परंतु आपल्याला फसविले, असे तरी त्याला वाटणार नाही.

माझ्या नातीला मी विचारले, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “भेटीवरचा चकचकीत कागद आईच्या कपाटात होता. आणि सांताचं अक्षर बाबांसारखं आहे.” मी म्हटले, “तुझा तर्क बरोबर आहे.” ती क्षणभर गप्प झाली. मग मी तिला निकोलसाची व त्या तीन मुलींची गोष्ट सांगितली. गीतेच्या सतराव्या अध्यायात ज्याला सात्त्विक दान म्हटले आहे, ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले असते, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगितले. शेवटी म्हणालो, “आता तुला गुपित कळलं. म्हणजे घेणाऱ्यांतून तू देणाऱ्यांत आलीस.” तिचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा आहे.

नाताळच्या दिवशी पुन्हा बोलणे झाले. तिने भावाकरिता आपल्या खाऊच्या पैशांतून लाकडी आगगाडी आणली होती व रात्री त्याच्या उशाशी ठेवली होती. ती माझ्या कानाशी लागल्यासारखी कुजबुजली, “आजोबा, त्याला कळलंच नाही!” आणि जराशाने विचारले, “पण त्याने मला खरं विचारलं, तर मी काय सांगू?”

मी म्हणालो, “आधी त्याला विचार, तुला काय वाटतं.”