काचेमागचं पाणी – लेखांक ५ : ओहोटीच्या डबक्यांकडून

टाकीतला मासा, पाणवनस्पती आणि गोगलगाय एकमेकांना कशी जगवतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. ते होतं गोड्या पाण्याचं गणित. समुद्राचं पाणी घरात आणलं, की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेकांचा अनुभव एकच असे : पाणी नासायचं आणि त्यातले जीव मरायचे.

१८४६ साली ॲना थिन या हौशी अभ्यासक बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. प्रवासात ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचून घेतले. घरी त्यांची मोलकरीण खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. खडकावर फुटणारी लाट पाण्यात हवा मिसळते, ते काम इथे माणसाच्या हातांनी चालू होतं. पुढे बाईंनी त्या पाण्यात समुद्रशैवालही सोडलं.

शैवालाची बाजू फिलिप हेन्री गॉस यांनी बारकाईने तपासली. प्रकृती सुधारावी म्हणून १८५२ मध्ये ते डेव्हनला आले आणि ओहोटी लागली की हातोडी, छिन्नी, बरण्या घेऊन खडकांत उतरू लागले. शैवाल नुसतं उपटून आणलं तर टिकत नाही; म्हणून ते ज्या दगडाला धरून वाढलंय, त्याचा कपचाच छिन्नीने काढायचा. तपकिरी शैवालं टाकीत चिकट द्राव सोडून पाणी बिघडवत, हिरवी आणि लाल मात्र मानवत. काचेवर साचणारा हिरवा थर खरवडायला समुद्री गोगलगायी ठेवायच्या. डबक्यात जे चाललेलं दिसलं, तेच त्यांनी काचेत मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मत्स्यालय खुलं केलं, त्यातही गॉस यांचा हात होता. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘द अक्वेरियम’ आलं आणि घरोघरी टाक्या दिसू लागल्या.

याची किंमत डबक्यांनी मोजली. पुस्तकं वाचून टोपल्या घेऊन आलेल्या हौशी लोकांनी किनारे ओरबाडले. त्याची गॉस यांना पुढे मोठी खंत वाटली, असं त्यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ च्या आठवणींत नोंदवलं आहे.

आजच्या हौशी माणसाने डबक्यातून घ्यायची ती शिस्त. किनाऱ्याच्या वरच्या अंगाचं डबकं उन्हात तापतं, पाणी उडून खारटपणा वाढतो, पाऊस पडला की तोच झपाट्याने उतरतो. दिवसा शैवाल भरपूर प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच कमी पडतो. छोट्या टाकीची हालत नेमकी अशीच होते. म्हणून तिच्यात खोल समुद्रातले नाजूक जीव कोंबणं हा शुद्ध अन्याय आहे. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं नव्हे, गोडं पाणी घालायचं. मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

वरच्या डबक्यातला जीव किती चिवट असतो, हे ‘ग्रॅनी’ नावाच्या समुद्रफुलाने दाखवलं. समुद्रफूल ओहोटीला आपले लांब हात आत ओढून घेतं आणि खडकाला चिकटलेला लालसर मांसल गोळा तेवढा उरतो. असं एक समुद्रफूल सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिक इथून आणलं. साधी काचेची बरणी, बदलतं समुद्राचं पाणी आणि अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा, एवढंच त्याला लागे. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. बरणी हस्ते-परहस्ते एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात पोहोचली. ग्रॅनी शेकडो पिल्लं देऊन १८८७ पर्यंत जगली.

आपल्याकडे मुंबईच्या हाजीअलीपासून मालवणपर्यंतच्या खडकांत अशी डबकी आहेत. तिथले प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. बाकीचं पाहायचं ते ओणवं होऊन, आपली सावली पाण्यावर पडू न देता. आणि दगड उलटलाच तर होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात.

समुद्र जवळ नसेल तर पाणी घरी कसं तयार करायचं? गॉस यांनी चार क्षारांची कृती दिली होती. ती पुढच्या आठवड्यात.