जंतूंचा माग

कृत्रिम खुबा बसविलेला रोगी काही महिन्यांनी पुन्हा ठणक्याची तक्रार घेऊन आला, म्हणजे शस्त्रवैद्यापुढे पेच उभा राहतो. आत जंतू शिरले, की खुबा नुसताच सैल झाला? जंतूंचा नायनाट न करता नवा खुबा बसविला तर तोही नासण्याचा संभव. क्ष-किरणांना हाडाचा आकार दिसतो. जंतू दिसत नाहीत.

अशा वेळी किरणोत्सर्गी द्रव्य जागल्याप्रमाणे माग काढते. टेक्नेशियम-९९एम हे त्यांतले नित्याचे. दर सहा तासांनी त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेरचा कॅमेरा टिपतो.

पण त्याला जंतूंपर्यंत नेणार कोण? एक रीत अशी : रोग्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशींना ते चिकटवून परत टोचावयाचे. मात्र या पेशी जंतूंविना आलेल्या सुजेकडेही धावतात. म्हणून युबिक्विसिडिन या मानवी प्रथिनाचा तुकडा वाहक म्हणून निवडला गेला. तो धनभारित, जंतूचे आवरण ऋणभारित. साहजिकच तो जंतूंना चिकटतो. आपल्या ठाण्याच्या खाडीकाठीच, ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या द्रव्याचा तयार संच सिद्ध केला. याच केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळला आहे.

चित्र जागा दाखविते. जंतूची जात व त्यावरचे औषध ठरविण्यास आतला द्रव काढून त्यातील जंतू वाढवूनच पाहावे लागतात. तपासणीस भिण्याचे कारण नाही; गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना तसे आधी सांगावे.