सामानाची गाडी, पोर्शेची धाव: ऑडी आरएस २ अवांत

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय आहे ऑडी आरएस २ अवांत. १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत जर्मनीत बनलेली स्टेशन वॅगन. लांबून बघितलं तर शाळेत मुलांना सोडायला निघालेली घरगुती गाडी. पण कमाल वेग ताशी २६२ किलोमीटर आणि शून्य ते शंभर ५.४ सेकंदांत. आज इलेक्ट्रिक गाड्यांच्या जमान्यात हे आकडे ऐकून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. तीस वर्षांपूर्वी मात्र हा स्पोर्ट्स कारचा इलाखा होता, आणि तिथे ही बाई मागे चार बॅगा घेऊन शिरली.

आता मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. या गाडीत इंजिनची ताकद वाढवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम होतं. अवघड होतं ते बाकीची गाडी त्या ताकदीच्या लायक करणं. आपल्याकडे हल्ली गाडी रीमॅप करून घ्यायची टूम आहे ना, ती करण्याआधी हा भाग जरूर ऐका.

वॅगन म्हणजे नक्की काय?

सेडानला मागे वेगळी डिकी असते. वॅगनमध्ये छत तसंच मागेपर्यंत जातं आणि मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो. मागची सीट पाडली की सपाट, लांबलचक जागा. नव्वदच्या दशकात आपल्या रस्त्यांवर पुण्याच्या टाटांची इस्टेट दिसायची, ती आठवा. १९९२ ची गाडी. नंतर इंडिगो मरीना आली. आपल्याकडे हा प्रकार रुजला नाही, पण जर्मनीत वॅगन म्हणजे रोजच्या वापरातली गोष्ट. ऑडी आपल्या वॅगनला 'अवांत' म्हणते.

आरएस २ चा पाया होता साधी ऑडी ८० अवांत. आणि गंमत म्हणजे विक्रीला आणली ती फक्त वॅगनच्याच रूपात. आपली सगळ्यात तेज गाडी सामान वाहणाऱ्या साच्यात, हा निर्णयच त्या काळी धाडसाचा होता.

काम पोर्शेकडे का गेलं?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शेचे दिवस वाईट होते. १९८६ च्या सुमाराला वर्षाला पन्नास हजारांच्या वर गाड्या विकणारी कंपनी १९९३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास आली होती. पोर्शे तेव्हा फोक्सवॅगन समूहात नव्हती, स्वतंत्र होती. कारखाना आहे, हाताला सवय असलेले कारागीर आहेत, पण काम पुरेसं नाही. अशा वेळी दुसऱ्यांची कामं घेणं हा एक मार्ग होता. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या कारखान्यात पोर्शे तेव्हा मर्सिडीजची ५०० ई जोडून देत होती. ऑडीचं कामही तिथेच आलं.

म्हणजे इंगोलश्टाटच्या ऑडी कारखान्यातून बॉडी निघायची, स्टुटगार्टला जायची आणि तिथे पोर्शेची माणसं गाडी पूर्ण करायची. ठरलं होतं २,२०० गाड्यांचं, मागणी वाढली आणि २,९०० च्या जवळपास बनल्या. बॅजवर आजही 'पोर्शे' हा शब्द दिसतो, आणि तो नुसता मिरवायला नाही. ब्रेक, चाकं, आरसे हे सगळं पोर्शेच्या गाड्यांवरून आलेलं.

इंजिन: पाच सिलिंडर आणि एक मोठं जातं

इंजिन २.२ लिटरचं, ओळीने पाच सिलिंडर. पाच का? ऑडीचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि पुढच्या ॲक्सलच्याही पुढे बसतं. तिथे ओळीतले सहा सिलिंडर म्हणजे फार लांबड. चारने ताकद कमी. मधला मार्ग पाच.

चार स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकशाफ्टचे दोन फेरे म्हणजे ७२० अंश झाले की प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. भागिले पाच, म्हणजे दर १४४ अंशांनी एक ठिणगी. एका सिलिंडरचा जोराचा स्ट्रोक १८० अंशांचा असतो. म्हणजे पहिल्याचा जोर संपायच्या आत दुसरा सुरू होतो. चार सिलिंडरमध्ये एक संपतो तेव्हाच दुसरा सुरू होतो. म्हणून पाचाचा ओघ जास्त सलग लागतो, आणि त्या विषम तालामुळे तो वेगळा घोगरा आवाज येतो. एकदा ऐकलात की विसरणार नाही.

हेच इंजिन ऑडीच्या एस २ मध्ये २३० हॉर्सपॉवर देत होतं. आरएस २ मध्ये ३१५ झाले. लिटरमागे सुमारे १४०. कसे? मोठा टर्बो, टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा जास्त क्षमतेचा इंटरकूलर, जास्त पेट्रोल सोडणारे इंजेक्टर, बदललेली कॅमशाफ्ट, मोकळा एक्झॉस्ट. हवा जास्त, पेट्रोल जास्त, धूर बाहेर जायला वाट मोकळी. तत्त्व तेवढंच.

पण मोठ्या टर्बोची किंमत मोजावी लागते. टर्बो फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. मोठं जातं ओढताना सुरुवातीला खांदे भरून येतात, एकदा फिरलं की आपोआप गरगरतं, तसंच हे. कमी आरपीएमला आरएस २ सुस्त वाटते. मग ३,००० आरपीएमच्या आसपास ४१० न्यूटन-मीटर टॉर्क एकदम येतो आणि पाठ सीटला चिकटते. सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, तेव्हा ते जातं फिरतं ठेवायचं काम चालवणाऱ्याचं.

ताकद रस्त्यावर उतरते कशी?

एवढा टॉर्क दोनच चाकांना दिला तर ती जागेवर फिरतील, रबर जळेल, गाडी हलणार नाही. म्हणून क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. मधोमध टॉर्सन नावाचा डिफरेन्शियल.

टॉर्सन समजायला गिटार डोळ्यांसमोर आणा. कानाची खुंटी फिरवली की तार ताणली जाते, पण तार कितीही ताणली तरी ती खुंटीला उलटं फिरवू शकत नाही. आत वर्म गिअर असतो, एका बाजूने सहज फिरणारा, दुसऱ्या बाजूने अडणारा. टॉर्सनमध्ये याच जातीचे गिअर असतात. नेहमी ताकद पुढे-मागे निम्मी निम्मी. पुढची चाकं घसरून जास्त जोरात फिरायला लागली की गिअर आपसांत अडतात आणि जास्त ताकद पकड असलेल्या मागच्या चाकांकडे जाते. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, नुसते लोखंडाचे दाते. घसरण वाढेपर्यंत थांबावंही लागत नाही.

याचा परिणाम बघा. १९९५ मध्ये ब्रिटनच्या 'ऑटोकार' मासिकाने आरएस २ ची चाचणी घेतली. शून्य ते ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटर, हा टप्पा तिने १.५ सेकंदांत गाठला. मॅक्लारेन एफ१ ला त्यासाठी याहून जास्त वेळ लागला होता. एफ१ ची ताकद जवळपास दुप्पट, पण ती फक्त मागच्या दोन चाकांवर. पुढे अर्थातच एफ१ दिसेनाशी होते. सुरुवातीच्या त्या काही मीटरांत मात्र ताकदीपेक्षा पकड मोठी ठरली.

ब्रेक आणि दहा लिटर पाणी

आता माझा आवडता हिशेब. आरएस २ चं वजन १,५९५ किलो. माणसं आणि सामान धरून २,००० समजू. ही गाडी ताशी २०० वरून पूर्ण थांबवायची तर ब्रेकना किती ऊर्जा गिळावी लागेल? सुमारे ३० लाख जूल. तेवढ्या उष्णतेत साधारण दहा लिटर नळाचं पाणी उकळायला लागेल. घरच्या गॅसवर याला किती वेळ लागतो आठवा, आणि इथे ते काही सेकंदांत, चार डिस्कवर.

शिवाय वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणून ताकद वाढवल्यावर ब्रेक 'जरा' वाढवून भागत नाही. आरएस २ ला पोर्शेकडून आलेले मोठ्या डिस्कचे, चार पिस्टनचे कॅलिपर दिले. मोठी डिस्क मावायला १७ इंची चाकं लागली, तीही पोर्शेच्या धर्तीची. त्यावर रुंद टायर. टायरची पकड वाढली की वळणावर सस्पेन्शनवर ताण वाढतो, म्हणून सस्पेन्शन कडक केलं आणि गाडी खाली आणली. बघा, एक आकडा बदलला आणि सगळी साखळी बदलावी लागली.

वॅगनची स्वतःची दुखणी

हे कुठल्याही वेगवान गाडीला लागू आहे. वॅगनला वरून आणखी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, बॉडीचा कडकपणा. सेडानमध्ये मागच्या सीटमागे पत्र्याची आडवी भिंत असते, ती दोन्ही बाजू बांधून ठेवते. वॅगनमध्ये भिंतच नाही. झाकण काढलेला खोका पिळून बघा, लगेच वाकडा होतो. म्हणून मागच्या दरवाजाभोवतीची चौकट आणि खांब मजबूत करावे लागतात. त्याने वजन वाढतं, तेही मागे आणि वरच्या बाजूला.

दुसरी, भार. रिकामी वॅगन आणि गच्च भरलेली वॅगन यांत मागच्या चाकांवर कितीतरी फरक पडतो. भारासाठी स्प्रिंग कडक ठेवली तर रिकामी गाडी उसळते, मऊ ठेवली तर भरलेली गाडी मागे बसते. या दोन्हींच्या मधला बिंदू शोधणं हे फार चिकाटीचं काम.

तिसरी, हवा. छत संपतं आणि गाडी एकदम उभी कापल्यासारखी होते. तिथे हवा सुटते, मागे कमी दाबाचा भोवरा तयार होतो आणि तो गाडीला मागे ओढतो. हाच भोवरा चाकांनी उडवलेली धूळ उचलून काचेवर चिकटवतो. म्हणून आपल्याकडे हॅचबॅकला मागचा वायपर असतो आणि सेडानला बहुतेक वेळा नसतो.

मग एसयूव्ही का नको?

हा प्रश्न हमखास येतो: सामान आणि वेग दोन्ही हवं तर ताकदवान एसयूव्ही घ्यावी की! घ्या, पण गणित करून घ्या. समजा दोन गाड्या, दोन्ही १,६०० किलोच्या, चाकांमधली रुंदी दीड मीटर, दोन्ही एकाच वळणावर एकाच वेगात. एकीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर, दुसरीचा ७० वर. जोरदार वळणात पहिलीच्या आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण ४७० किलो भार सरकतो. दुसरीच्या बाबतीत जवळपास ६००. वजन तेच, फरक फक्त उंचीचा. आतली चाकं तेवढी हलकी होतात आणि एकूण पकड कमी होते. वॅगन सेडानइतकीच बुटकी राहते आणि जागा एसयूव्हीसारखी देते. ऑडीने हा साचा निवडला यात नुसती हौस नव्हती.

पुढे या रस्त्यावर आरएस ४ आली, २००२ मध्ये आरएस ६ आली. २०१५ मध्ये आरएस ६ अवांत भारतातही विकायला आणली, ५६० हॉर्सपॉवर, किंमत १ कोटी ३५ लाख. आपल्यापैकी बहुतेकांना ती रस्त्यात दिसली तरी नशीब.

पण आरएस २ चा धडा दहा लाखांच्या गाडीलाही लागू आहे. लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात गाडीचे हॉर्सपॉवर वाढवून देणारे खूप भेटतील. त्यांना पुढचे प्रश्न विचारा: ब्रेकचं काय? टायर कुठल्या वेगाला चालतील असे आहेत? क्लच तेवढा टॉर्क झेलेल का? घाटात मागे घरची माणसं बसलेली असतील तेव्हा? पोर्शेच्या माणसांनी ३१५ हॉर्सपॉवर दिले आणि मग थांबवायची, वळवायची, सावरायची सोयही तेवढीच केली. याची उत्तरं समोरच्याकडे नसतील, तर गाडी आहे तशीच राहू द्या.

या भागाबद्दल काही विचारायचं असेल तर खाली जरूर लिहा. टर्बोवर एक सबंध भाग करायचा विचार आहे, तेव्हा त्याबद्दलचे प्रश्न आत्ताच पाठवून ठेवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत गाडी जपून चालवा, आणि टायरमधली हवा तेवढी बघून घ्या!