पदवी मिळाली, पण अजून डॉक्टर नाही!

मुलांनो, "मोठेपणी कोण होणार?" असं आमच्या तिरोड्याच्या वर्गात विचारलं, की दहा-बारा हात तरी 'डॉक्टर' म्हणून वर होतात. माझी अशीच एक विद्यार्थिनी खरंच डॉक्टरी शिकायला किरगिझस्तानला गेली. सहा वर्षांनी पेढे घेऊन घरी आली. मी विचारलं, "मग, दवाखाना कधी टाकतेस?" तर म्हणते, "मॅडम, इथं मी अजून डॉक्टर नाहीच!"

खरंच होतं तिचं. परदेशी पदवी घेऊन आलेल्यांसाठी २००२ पासून आपल्याकडे एक चाळणी परीक्षा आहे. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तरी बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त मुलं नापास होतात. ही तिसऱ्या खेपेला निघाली. तोवर वडिलांनी धानाची एक बांधी विकली होती.

परीक्षेनंतर रुग्णालयात वर्षभर उमेदवारी. मग 'नीट-पीजी' आणि त्यात नंबर लागला तर तीन वर्षं 'निवासी डॉक्टर'. निवासी म्हणजे जवळजवळ रुग्णालयातच राहणारा! रात्री-बेरात्री पेशंट आला की हाच धावतो, आणि धावता धावताच शिकतो. सरकारी महाविद्यालयांतल्या या निम्म्या जागा देशभरच्या गुणवत्ता यादीतून भरतात. तिथं पदवी गोंदियाची की परदेशची, हे पाहत नाहीत, नंबर पाहतात.

आनंदीबाई जोशींच्या वेळी अशी चाळणी नव्हती. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षयानं २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. वय अवघं एकवीस.

पालकांनो, एजंटच्या रंगीत पत्रकावर जाऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची उमेदवारी हवी. एवढं पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

आमची ती मुलगी सध्या एका सरकारी रुग्णालयात उमेदवारी करते. परवा रात्री तिचा फोन आला. ड्युटी संपवून 'नीट-पीजी'च्या अभ्यासाला बसली होती. "झोप गं थोडी," म्हटलं, तर म्हणाली, "मॅडम, निवासी झाल्यावर तरी कुठं झोपायला मिळणार आहे!"