दोन फेऱ्यांची शर्यत – ७ : श्रीरामसिंगची चार सेकंदं

पंधराशेच्या शर्यतीत धावपटू ‘बॉक्स’ कसा होतो, हे आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. गेल्या भागात माँट्रियलचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर साताऱ्याच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांचं भलं मोठं पत्र आलं. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा : १९७६च्या ऑलिंपिकमध्ये आठशेच्या अंतिम शर्यतीत पहिली फेरी संपली तेव्हा आपला श्रीरामसिंग सगळ्यांच्या पुढे होता. शेवटी तो सातवा आला. सुरुवातीलाच एवढा तुटून पडला नसता, तर पदक मिळालं असतं का?

हा प्रश्न माझ्याही फार जुन्या आवडीचा आहे. आजचा सगळा भाग त्याच्यावर खर्च करतो.

आधी निकाल. क्यूबाचा अल्बर्टो जुआंतोरेना १:४३.५०, नवा जागतिक विक्रम. बेल्जियमचा इव्हो व्हान डॅम १:४३.८६. अमेरिकेचा रिक वोहलहटर १:४४.१२. इथे मोठी फट. मग पश्चिम जर्मनीचा विली व्युल्बेक १:४५.२६, जेमतेम विशीतला स्टीव्ह ओव्हेट १:४५.४४, युगोस्लाव्हियाचा लुचियानो सुशान्य १:४५.७५ आणि सातवा श्रीरामसिंग १:४५.७७. सहाव्या जागेपासून तो दोन शतांश सेकंदांवर होता.

आता फेऱ्या सुट्या करू. श्रीरामसिंगची पहिली फेरी ५०.८५ सेकंदांची. म्हणजे दुसरीला त्याला ५४.९२ लागली. चार सेकंदं आणि वर थोडं, एवढा तो मंदावला. आकडा वाचून कुणीही म्हणेल, ‘गळपटला बिचारा!’ पण त्याच्या खांद्याशी धावत असलेल्या जुआंतोरेनाचंही घड्याळ बघा. घंटा वाजली तेव्हा तो जवळपास तिथेच होता, आणि त्याची दुसरी फेरी साडेबावन्नच्या आसपास झाली. म्हणजे तोही पावणेदोन सेकंदांनी मंदावला, आणि मंदावत मंदावत जागतिक विक्रम करून गेला.

आठशेबद्दल मला एकच गोष्ट सांगायला मिळाली तर मी ही सांगेन : या शर्यतीत सगळेच मंदावतात. जिंकतो तो सगळ्यात कमी मंदावणारा.

रॉस टकर, माइक लँबर्ट आणि टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये पुरुषांच्या जागतिक विक्रमांच्या फेऱ्या तपासल्या. आठशेच्या २६ विक्रमांपैकी फक्त २ विक्रमांत दुसरी फेरी पहिलीपेक्षा जलद होती. मैलाच्या विक्रमांचं चित्र वेगळं निघालं : पहिली आणि शेवटची फेरी जलद, मधल्या दोन सावकाश. मैलवाल्याला शेवटासाठी काहीतरी राखून ठेवता येतं. आठशेवाल्याकडे राखायला फारसं उरतच नाही.

‘मग शेवटच्या शंभर मीटरमध्ये मागून येऊन जिंकणारे वेग वाढवत नाहीत?’ असं कुणीतरी विचारणारच. त्यांच्यासाठी म्युनिक, १९७२. अमेरिकेचा डेव्ह वॉटल डोक्यावर गोल्फची टोपी घालून धावला. सुरुवातीला तो सगळ्यांत मागे, तेही बऱ्यापैकी तुटून. शेवटच्या सरळीवर त्याने एकेकाला गाठलं आणि सोव्हिएत संघाच्या येवगेनी अर्झानोव्हला ०.०३ सेकंदांनी हरवलं. चित्रफीत पाहिली की वाटतं, काय सुटलाय हा! पण त्याचे दोनशे-दोनशेचे चार तुकडे असे : २६.४, २६.९, २६.४, २६.२. शेवटचा तुकडा पहिल्यापेक्षा दोन दशांशांनी जलद, एवढंच. तो जवळपास एकाच चालीने धावत राहिला आणि बाकीचे सात जण त्याच्याकडे मागे मागे येत गेले. स्टेशनात शेजारची गाडी मागे सरकली की आपलीच सुटल्यासारखं वाटतं, तसलाच हा डोळ्यांचा चकवा. (त्या भरात वॉटल राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढायलाही विसरला.)

मंदावणं अटळ का, तेही बघू. मैदानावर याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘लॅक्टिक साचलं’. हे उत्तर आता जुनं झालंय. लॅक्टेट हे स्नायूंचं एक इंधनच आहे. फार जोरात साखर जाळताना त्याच्या जोडीने हायड्रोजन आयन वाढतात, फॉस्फेट साचतं, आणि स्नायूंचं आकुंचन त्यामुळे अडतं. बाहेरून दिसतं ते असं : पाऊल आखडतं, जमिनीवर जास्त वेळ टेकून राहतं, मान ताठरते, खांदे कानांकडे चढतात.

आठशेची तब्बल दोनतृतीयांश ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने येते, यावर नव्याने या खेळात आलेल्यांचा विश्वास बसत नाही. पंधराशेत हाच वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो. अडचण अशी की ही वाट लगेच उघडत नाही. ऑक्सिजनचा पुरवठा भरात यायला पाऊण-एक मिनिट जातं आणि तोवर पहिली फेरी संपत आलेली असते. सुरुवात जोरात केली तर पुरवठा लवकर चढतो. म्हणून पहिले दोनशे थोडे जलद धावणं हा शहाणपणा आहे. प्रश्न फक्त ‘थोडे’ म्हणजे किती, एवढाच.

त्याचं उत्तर लंडनमध्ये २०१२ साली डेव्हिड रुडिशाने दिलं. पहिली फेरी ४९.२८, दुसरी ५१.६३, एकूण १:४०.९१. शेवटच्या दोनशेला त्याला २६.६१ लागली, तर त्याच्या आधीच्या दोनशेला २५.०२. दीड सेकंदाहून जास्त गळती, आणि तरी जागतिक विक्रम! त्या शर्यतीत आठवा, म्हणजे शेवटचा आलेला अँड्र्यू ओसागी १:४३.७७ धावला. एवढ्या वेळेत त्याने आधीच्या तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं असतं. पुढच्याने प्रामाणिकपणे वेग लावला की मागचे सगळे कुठवर ओढले जातात, ते इथे दिसतं.

पुढे धावण्याची किंमत मात्र एकट्याला मोजावी लागते. ती मोजणारा माणूसही गमतीशीर होता. ग्रिफिथ प्यू हा १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचा शरीरशास्त्रज्ञ. हिलरी आणि तेनसिंग यांच्या पाण्याचा, प्राणवायूचा हिशेब ठेवणाऱ्या प्यूने पुढे धावपटूंसमोरच्या वाऱ्याचा हिशेब मांडला. १९७१च्या त्याच्या निष्कर्षानुसार मध्यम पल्ल्याच्या वेगाला हवेचा विरोध कापण्यातच सुमारे साडेसात टक्के ऊर्जा जाते. दुसऱ्याच्या मागे मीटरभर अंतरावर धावलं तर यातली बरीचशी वाचते. माँट्रियलमध्ये घंटेपर्यंत हवा कापण्याचं काम श्रीरामसिंगकडे होतं. जुआंतोरेनाने आपल्या विक्रमाचं श्रेय त्याच्या वेगाला दिलं, त्यात नुसता शिष्टाचार नव्हता.

सावकाश धावून वाचवलेली ऊर्जा तरी कामाला येते का? ज्याच्या पायात कच्चा वेग आहे, त्याला येते. रिओला २०१६ मध्ये मॅथ्यू सेंट्रोविट्झने पंधराशे ३:५०.०० इतक्या रमतगमत जिंकली आणि शेवटचे चारशे ५१ सेकंदांच्या आत मारले. ज्याच्याकडे तसा वेग नाही, त्याला मंद शर्यत गाडते. बीडचा अविनाश साबळे २०२२च्या जागतिक स्पर्धेत, युजीनला, असाच सापडला. स्टीपलचेसची अंतिम शर्यत जिंकणाऱ्याची वेळ ८:२५.१३ आणि अविनाश ८:३१.७५ मध्ये अकरावा. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमला, वेगवान शर्यतीत, तोच माणूस ८:११.२० धावला आणि सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने कुणाची वाट पाहिली नाही, पुढे राहूनच सुवर्ण घेतलं.

उलट उदाहरण टिंटू लुकाचं. पी. टी. उषाची ही शिष्या पहिल्या फेरीत पुढे पळायची आणि शेवटच्या सरळीवर सापडायची. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुलला सहावी, ग्वांगझोऊ आशियाईला तिसरी. तेव्हा तिच्यावर टीका झाली, मीही ती आवडीने वाचली. पण त्याच वर्षी क्रोएशियात तिने १:५९.१७ धावून शायनी विल्सनचा १९९५चा राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ काढायची असेल तर तिची पद्धत ठीक होती. पदक काढायचं असेल तर २०१८च्या जकार्तातल्या मनजितसिंगची बरी : शेवटच्या सरळीपर्यंत दडून राहिला, मग जिन्सन जॉन्सनला मागे टाकून १:४६.१५ मध्ये सुवर्ण. शर्यत त्याच्या सोयीची मंद झाली, हे त्याचं भाग्य. ते ओळखून तो थांबला, ही त्याची अक्कल.

आता श्रीरामसिंगचा निवाडा. समजा, इल्यास बाबर या त्याच्या गुरूंनी त्याला पाऊण सेकंद आवरायला लावलं असतं. पहिली फेरी ५१.६, तिसऱ्या-चौथ्या जागेवर, कुणाच्या तरी पाठीमागे. दुसरी फेरी मग ५४.९ ऐवजी साडेत्रेपन्नच्या घरात, असा माझा अंदाज. बेरीज १:४५.१. ती वेळ व्युल्बेकच्या पुढे, म्हणजे चौथी जागा. कांस्य १:४४.१२ला गेलं. तिथवर पोचायला दुसरी फेरीही साडेबावन्नची हवी होती, आणि तसं धावणारे त्या दिवशी मैदानावर तिघेच होते. म्हणून गुरुजींना माझं उत्तर : पदक नाही, चौथी जागा कदाचित. तेसुद्धा तो मागे राहिल्यावर दुसऱ्या कुणी तेवढाच वेग लावला असता तरच.

आणि दुसरं, जे पत्रात नव्हतं. माँट्रियलची ती १:४५.७७ ही श्रीरामसिंगच्या आयुष्यातली सर्वोत्तम वेळ होती. राष्ट्रीय विक्रम म्हणून ती ४२ वर्षं टिकली. २०१८च्या जूनमध्ये गुवाहाटीला जिन्सनने १:४५.६५ धावून ती मोडली. ज्या शर्यतीत माणूस चार सेकंदांनी मंदावला, त्याच शर्यतीत तो कधी नव्हे इतका जलद धावला. त्याचा डाव फसला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सेकंदभर महाग पडला, एवढंच म्हणेन.

ही सगळी चर्चा करता आली, कारण कुणीतरी फेरीची वेळ लिहून ठेवली होती. आपल्याकडच्या शालेय आणि तालुका स्पर्धांमध्ये आठशेच्या पुढे एकच आकडा लिहिला जातो, शेवटचा. त्यावरून मुलगी कमी पडली की नुसती घाई केली, हे कुणालाच कळत नाही. घड्याळ हातात असणाऱ्या शिक्षकांना विनंती : पुढच्या स्पर्धेत आपल्या मुलांचे दोनशे, चारशे, सहाशे आणि आठशे असे चारही आकडे टिपा आणि मला पाठवा. पुरेसे जमले, तर एक संपूर्ण भाग आपल्या मुलांच्या आकड्यांवर लिहीन.