चाक अधांतरी का राहते?

बेलापूर गाव प्रवरेच्या काठी आहे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्यांच्या पाण्याने या बाजूच्या काळ्या रानात ऊस वाढला. ऊस आला म्हणजे ट्रक आलाच! पण फडातली वाट काही डांबरी सडक नव्हे. चाऱ्या, बांध आणि चिखल.

बांध ओलांडताना ट्रकचे एक मागचे चाक अधांतरी राहते. ते नुसते गरगर फिरते. जमिनीवरचे चाक मात्र हलत नाही. असे का? डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. अधांतरी चाकाला जोर लागतच नाही. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे नसल्यासारखाच मिळतो.

ड्रायव्हर म्हणतो, "मिस्त्री, पाटे बसले. एक जाड पाटा घाला."

जाड पाट्याने माल पेलतो, हे खरे. पण चाक खड्ड्यात उतरायचे तर पाटा लवायला हवा. पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट कडक होतो. लांबी दुप्पट केली तर कडकपणा आठव्या हिश्शावर येतो. म्हणून पाटे लांब आणि पातळ हवेत. वजनासाठी पातळ पाट्यांची संख्या वाढवावी. मात्र लांब पाट्यांना फ्रेमवरची ब्रॅकेटे सरकवावी लागतात. ते जाणत्या मिस्त्रीचे काम.

त्याआधी स्वस्तातला उपाय करा. पाट्यांत चिखल बसतो, गंज चढतो. मग ते एकमेकांवर सरकत नाहीत. पाटे खोलून तारेच्या ब्रशने घासा, ग्रॅफाइट ग्रीस लावा. पाटा दबला की लांबतो, म्हणून त्याचे एक टोक शॅकलवर झुलते असते. शॅकल गंजून अडकला, तर नवा पाटाही लवत नाही. बुश आणि पिना पाहा.

चाक जास्त खाली उतरू लागले की ब्रेकची नळी पुरते का, हे आधी बघा. ती ताणून तुटली तर ब्रेक गेलाच. शॉकअ‍ॅब्सॉर्बरही तेवढा लांब हवा.

जीपला मऊ पाटे शोभतात. उसाच्या ट्रकला नाही. उंच भरलेली गाडी मऊ पाट्यांवर कलते आणि कालव्याच्या भरावावर उलटते.

यू-बोल्ट सोडण्याआधी फ्रेम घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. काम झाल्यावर थोडी गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा.